न घेतलेलं ओझं

२०१६च्या एप्रिलमधली गोष्ट. पहाटे वेल्ह्यातून सायकल काढली आणि रायलिंग पठाराकडे निघाले. सह्याद्रीच्या अगदी कड्यावर आहे हे पठार. टोकाला गेलं की पायाखाली दरी, समोर लिंगाण्याचा सुळका आणि त्याच्या मागे रायगड. वाट कच्ची, धुळीची, मधूनमधून सुट्या दगडांची. माझ्या पाठीवर अकरा किलोची सॅक होती. तिच्यात कॅमेरा, त्याच्या दोन लेन्स, मोठा टॉवेल, कपड्यांचे तीन जोड, जाड स्वेटर आणि वाचायला एक पुस्तक होतं. पाणी मात्र दोनच लिटर. साडेदहा वाजेपर्यंत ते संपलं. अजून अर्धी वाट बाकी होती आणि ऊन कातळावरून उसळून तोंडावर येत होतं.

वाटेवरच्या एका वस्तीत पडवीत एक मावशी तांदूळ पाखडत बसल्या होत्या. त्यांच्याकडे पाणी मागितलं. त्यांनी तांब्या भरून दिला. मी तो उभ्या उभ्या संपवला, दुसरा मागितला आणि मग दोन्ही रिकाम्या बाटल्याही पुढे केल्या. मावशींनी त्याही भरून दिल्या. चेहऱ्यावर नाराजीची रेघसुद्धा नव्हती. निघता निघता मी विचारलं, “पाणी कुठून आणता?” त्यांनी खालच्या ओढ्याकडे हात केला. “झऱ्यावरनं. रातीचं तीनला जाऊन नंबर लावायचा. वाटीवाटीनं भरावं लागतं. एका हंड्याला तास जातो.”

हंड्यात पंधराएक लिटर पाणी मावतं. त्यातलं साडेतीन लिटर मी पाच मिनिटांत घेतलं होतं. म्हणजे त्या बाईची पाव हंड्याची रात्र माझ्या पोटात आणि बाटल्यांत गेली होती. पाठीवर पुस्तक आणि स्वेटर वाहून नेणाऱ्या मला दोन लिटर पाणी जास्त घेणं जड झालं होतं. ते ओझं त्यांनी पहाटे तीन वाजता, अंधारात, चढ चढून, डोक्यावरून आणलं होतं.

मी पुण्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. वजन कुठे नाहीसं होत नाही, हे वर्गात सांगत आले होते. त्याचा दुसरा अर्थ मला त्या पडवीत कळला. डोंगरात लांबच्या वाटेला जाताना आवश्यक ते आपण बरोबर घेतलं नाही, तर त्याचं वजन दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर, खांद्यावर किंवा दिवसावर जाऊन पडतं. माउंटन बाइकवर सामान काय घ्यावं, कसं बांधावं हा वरवर पाहता चार हौशी लोकांचा विषय आहे. तरीही वर्तमानपत्रात लिहावासा वाटतो, तो या कारणासाठी.

रविवारी सकाळी पुणे, सातारा, नाशिक, कोल्हापूर कुठूनही डोंगराच्या दिशेने बाहेर पडा, जाड टायरच्या सायकली दिसतातच. पंधरा वर्षांपूर्वी त्या हाताच्या बोटांवर मोजता येत. ही वाढ मला मनापासून आवडते. मुलं घाम गाळतात, गावांची नावं शिकतात, करवंदाची जाळी आणि बोराटी यांतला फरक त्यांना कळू लागतो. मात्र सायकलीबद्दलच्या आमच्या गप्पा बहुतेक वेळा किमतीच्या आणि वजनाच्या असतात. फ्रेम किती ग्रॅमची, चाक किती हलकं, कोण किती कमी सामानात किती लांब गेला. हलकं असणं म्हणजेच तरबेज असणं, अशी एक समजूत होऊन बसली आहे. हलकेपणाला माझा विरोध नाही. तो कशातून काढला, एवढंच मी विचारते. स्वेटर आणि पुस्तक काढून सायकल हलकी झाली तर उत्तम. पाणी, दुरुस्तीचं सामान आणि प्रथमोपचाराची पिशवी काढून ती हलकी झाली असेल, तर तो हलकेपणा उसना आहे.

हा उसना व्यवहार कसा होतो, ते मी आणखी एकदा पाहिलं. डिसेंबर २०१९मध्ये आम्ही सात जण भोर तालुक्यातल्या एका कच्च्या वाटेवर होतो. एका उतारावर आमच्यातल्या एकाच्या मागच्या गिअरमध्ये वाळकी फांदी अडकली, गिअरचं यंत्र आऱ्यांत ओढलं गेलं आणि हँगर तुटला. हँगर म्हणजे मागचं गिअर-यंत्र ज्याला लटकतं तो अॅल्युमिनियमचा छोटासा तुकडा. तो मुद्दामच नरम ठेवलेला असतो. मार बसला तर आधी तो तुटावा आणि फ्रेम वाचावी, अशीच त्याची योजना असते. तो बऱ्याच मॉडेलांचा वेगळा असतो, म्हणून ऐनवेळी कुठे मिळत नाही. वजन जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम. सात जणांत एकाकडेही स्वतःच्या सायकलचा जास्तीचा हँगर नव्हता. साखळी तोडायचं अवजार असतं, तर साखळी आखूड करून एकाच गिअरवर तरी सायकल चालवता आली असती; तेही नव्हतं. सात जणांकडे मिळून पाच मोबाइल-स्टँड आणि तीन अॅक्शन कॅमेरे होते.

डांबरी रस्ता चौदा किलोमीटर मागे होता. जवळच्या खळ्यावर एक दादा भाताची झोडणी करत होते. ते हातातली पेंढी खाली ठेवून उठले, शेजाऱ्याची पिकअप मागून आणली, सायकल आणि सायकलवाला दोघांना घातलं आणि मोठ्या रस्त्यापर्यंत सोडून आले. जाऊन-येऊन त्यांचा अर्धा दिवस गेला. डिझेलचे पैसे घ्यायला तयार नव्हते. शेवटी आम्ही ते त्यांच्या आईच्या हातात ठेवले. परतल्यावर आमच्यातल्या काहींनी या प्रसंगाचं वर्णन ‘गावाकडची माणुसकी’ असं केलं. माणुसकी होतीच. पण झोडणीचा अर्धा दिवस बुडाला, हेही त्याच वर्णनात यायला हवं होतं. पंचवीस ग्रॅमचा जो तुकडा आम्ही उचलला नाही, तो त्या दादांनी उचलला.

डोंगरी सायकलचा इतिहास वाचला, तर या खेळाचा पायाच स्वावलंबनाचा आहे, हे दिसतं. १९७०च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण जुन्या, जाड टायरच्या, जड सायकली घेऊन डोंगर उतरू लागले. तिथल्या एका उतारावर १९७६मध्ये त्यांनी शर्यत लावली. त्या उताराला ‘रीपॅक’ म्हणत, कारण एकदा खाली आलं की मागच्या चाकाच्या तुंब्यातल्या ब्रेकचं ग्रीस तापून जळून जायचं आणि तुंबा उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. म्हणजे त्या शर्यतीचं नावच मुळी दुरुस्तीवरून पडलं आहे. सायकल चालवणारा आणि ती उघडून नीट करणारा माणूस एकच होता.

पाण्याचंही तसंच. १९८०च्या दशकाअखेर टेक्सासमध्ये ऑगस्टच्या उन्हात शंभर मैलांच्या एका सायकल-स्पर्धेत मायकेल आइडसन नावाचा माणूस उतरला. तो रुग्णवाहिकेवर काम करणारा. सलाइनची पिशवी त्याने पाण्याने भरली, लांब मोज्यात घातली, तो मोजा जर्सीच्या पाठीला लावला आणि नळी खांद्यावरून पुढे घेतली. आज दुकानात मिळणारी नळीची पाणीपिशवी तिथून आली. खडबडीत वाटेवर हँडल सोडून बाटली काढणं धोक्याचं असतं, म्हणून ही सोय मोलाची. आणि ‘टूर डिव्हाइड’ नावाची जी शर्यत कॅनडातल्या बॅन्फपासून अमेरिका-मेक्सिको सरहद्दीपर्यंत, सुमारे ४४०० किलोमीटर, रॉकी पर्वतरांगेतून जाते, तिचा मुख्य नियमच असा की आपलं सामान आपण न्यायचं. आधी ठरवून ठेवलेली मदत घ्यायची नाही. वाटेत जे सगळ्यांना मिळू शकतं तेवढंच घ्यायचं. तिथे सायकलमागून सपोर्ट गाडी येत नाही. आमच्याकडे बऱ्याच मंडळींनी त्या शर्यतीतल्या पिशव्या घेतल्या, नियम मात्र तिथेच राहिला.

आता सामान बांधायचं कसं, ते सांगते. ही विद्या मला सर्वांत आधी एका घोड्याजवळ मिळाली. दिवाळीनंतर फलटण-बारामतीकडचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात. एका सकाळी असा एक वाडा वाटेत भेटला. एक बाई घोड्यावर बिऱ्हाड चढवत होती. धान्याची पोती दोन्ही अंगांना, अगदी खाली, पोटाला चिकटून. त्यावर भांडी. वर वाकळा आणि घोंगडी, आणि सगळ्यांत वर टोपल्यात कोंबड्या आणि दोन-तीन दिवसांचं कोकरू. दोर आवळून झाल्यावर तिने तळहाताने भार डावीकडून ढकलला, मग उजवीकडून. हलला नाही, तेव्हा घोड्याच्या मानेवर थाप दिली. मी बघत उभी आहे हे पाहून म्हणाली, “दोन्ही अंगाला सारखं पायजे, ताई. आन् हलाय नको. हललं की पाठ सोलती त्याची.”

भौतिकशास्त्राच्या पुस्तकात गुरुत्वमध्याबद्दल जे आहे, ते सगळं त्या दोन वाक्यांत आहे. जड वस्तू खाली आणि मधोमध, हलक्या आणि फुगीर वस्तू वर आणि टोकांना, दोन्ही बाजू सारख्या, आणि काहीही हलता कामा नये. सायकललाही हेच लागू पडतं. अकरा किलोची सॅक पाठीवर असली की आपला गुरुत्वमध्य वर सरकतो. तीव्र उतारावर ती मानेवर येऊन आपल्याला हँडलवरून पुढे लोटते. चढावर मागे ओढते आणि पुढचं चाक जमिनीवरून उचलू लागतं. तीन-चार तासांनी कंबर आणि खांदे बोलू लागतात आणि बैठकीची हाडं बधिर होतात. म्हणून माझा नियम: पाठीवर पाण्याखेरीज काही नाही. दीड लिटरची नळीची पिशवी, एवढंच. तीही तासातासाला हलकी होत जाते.

बाकीचं सगळं सायकलीवर. फ्रेमच्या त्रिकोणात जी पिशवी बसते, तिच्यात सगळ्यांत जड वस्तू: अवजारं, पाणी, पॉवर बँक, भाकरी. अवजारं तळाशी, क्रँकच्या जवळ. हँडलला आडवी गुंडाळी बांधायची, तिच्यात झोपायची पिशवी किंवा तंबूचं कापड; आकाराने मोठं पण हलकं. हँडलवर जड काही टाकलं की सायकल वळायला उशीर करते आणि अरुंद वाटेवर तेवढा उशीर महागात पडतो. सीटखाली मागे लांबट पिशवी, तिच्यात कपडे आणि रेनकोट. ती अगदी गच्च भरून, हवा काढून, पट्टे ओढून बांधायची. अर्धी भरलेली सीट-पिशवी शेपटीसारखी डुलते आणि प्रत्येक वळणावर मागचं चाक ढकलते. कॅरिअर आणि दोन बाजूंच्या खोगीरपिशव्या डांबरी रस्त्याच्या प्रवासाला उत्तम आहेत, पण दगडधोंड्यांत कॅरिअरचे बोल्ट धक्क्यांनी ढिले होतात आणि अरुंद पायवाटेवर त्या पिशव्या दोन्हीकडच्या झुडपांना घासतात.

आणि एक गोष्ट घरीच तपासायची. सामान बांधून झालं की सीटवर बसून, सस्पेन्शन पूर्ण दाबून पाहायचं की पिशवी आणि टायर यांत किमान चार बोटं अंतर उरतं का. सपाट अंगणात सुटी दिसणारी पिशवी पहिल्याच खड्ड्यात टायरला टेकते. माझ्या एका विद्यार्थिनीची झोपायची पिशवी टायरने अशीच जाळली होती.

या पिशव्या महाग मिळतात, हे खरं. म्हणून अनेक जण पाठीवरच्या सॅकवर भागवतात. मी माझी पहिली फ्रेम-पिशवी पुण्यात रिक्षांचे हूड आणि सीट-कव्हर शिवणाऱ्या एका कारागिराकडून करून घेतली. फ्रेमच्या आत पुठ्ठा धरून पेन्सिलने त्रिकोण काढला आणि तो पुठ्ठा घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “वजन कुठल्या कोपऱ्यात येणार मॅडम?” मी म्हटलं, खालच्या. तिथे त्यांनी कापड दुहेरी घेतलं आणि जिथे जिथे पट्टा जोडला जाणार, तिथे चौकोन शिवून त्यात फुली मारली. “नुसती उभी शिवण उसवते. फुली सोडत नाही,” असं म्हणाले. चेनला आतून पावसासाठी रेक्झिनची झडप लावली. सगळं मिळून सहाशे पन्नास रुपये झाले. ती पिशवी आज आठव्या वर्षी माझ्या सायकलीला आहे. डोंगरात जायचं सामान परदेशी नावाचंच असायला हवं, हा समज आपल्या गल्लीतल्या कारागिराने मोडावा, असं मला फार वाटतं.

काय न्यायचं, याची माझी यादी सांगते. कुणाला तिच्यात भर घालावीशी वाटेल, पण वगळताना विचार करावा. एका मुक्कामाच्या वाटेसाठी मी प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवते. झोपायची पिशवी ९०० ग्रॅम, चटई ४००, डोक्यावर ताणायचं कापड ५००, रेनकोट ३००, कपडे ६००, अवजारं आणि सुटे भाग ९००, प्रथमोपचार २५०, खाणं १२००, पातेलं आणि शेगडी ३००, दिवा आणि पॉवर बँक ५००. बेरीज पाच किलो ८५० ग्रॅम. वर चार लिटर पाणी, म्हणजे चार किलो. एकूण दहा किलोच्या आत. पहिल्या वेळी नुसती सॅकच अकरा किलोची होती आणि तिच्यात पाणी दोन लिटर होतं. आता एकूण वजन त्याहून कमी आणि पाणी दुप्पट. काट्यावर ठेवलं की कोणती वस्तू हौसेची आणि कोणती गरजेची, हे आपोआप कळतं.

अवजारांच्या पिशवीत: ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या अॅलन किल्ल्या असलेलं एकत्र अवजार, साखळी तोडायचं अवजार, साखळी जोडायची कडी, दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंप, पंपालाच गुंडाळलेली चिकटपट्टी, प्लास्टिकचे टाय, ब्रेक पॅडचा एक जोड आणि तो हँगर. जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा कापून ठेवलेला असतो. टायर दगडावर फाटला तर आतून लावायला. आपल्याकडे बाभळीचे काटे हा वेगळाच प्रकार आहे. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट असलं तर बहुतेक काटे चाकातच जिरतात, पण आपल्या उन्हात ते सीलंट आटतं. दर तीन महिन्यांनी टायर उघडून पाहावं. ट्यूबला ठिगळ मारायला गावातला पंक्चरवाला असतोच, पण त्याचा पंप मोटारसायकलच्या वॉल्व्हला बसतो; आपल्या सायकलीचा बारीक प्रेस्टा वॉल्व्ह त्याला चालत नाही. त्यासाठी सुपारीहून लहान एक पितळी जोड मिळतो. तो वॉल्व्हवरच बसवून ठेवावा. मग त्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आपला होतो आणि त्यालाही दोन पैसे मिळतात.

प्रथमोपचारात त्रिकोणी पट्टी, क्रेप बँडेज, जखम धुवायला काही, अॅलर्जीची गोळी आणि क्षारसंजीवनीची चार पाकिटं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे प्रमाण शाळेत प्रत्येक मुलाला पाठ असायला हवं. खाण्यात भाकरी, कोरडा ठेचा, गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याची चिक्की. हे सगळं कापडात किंवा डब्यात बांधता येतं, म्हणजे वाटेवर टाकायला चकचकीत कागदच उरत नाहीत. शक्तिवर्धक जेलच्या फाडलेल्या पुड्या मला आता अशा पायवाटांवर दिसतात, जिथे दुकान कधीच नव्हतं. रिकामी पुडी दोन ग्रॅमचीही नसते. तीसुद्धा आपण मागे ठेवली, तर ती कुणीतरी उचलणार किंवा एखादी गाय खाणार.

पाण्याबद्दल थोडं विस्ताराने, कारण या लेखाचं मूळ तेच आहे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर जेवढं पाणी कोसळतं, ते पाहून उन्हाळ्यात तिथे टंचाई असेल यावर बाहेरच्याचा विश्वास बसत नाही. पण खालचा बसाल्ट कठीण आहे; पाणी त्यात फार मुरत नाही, उतारावरून धावत निघून जातं. फेब्रुवारी उलटला की ओढे आटतात आणि वस्ती एखाद्या झऱ्यावर येऊन ठेपते. नेमका तोच काळ सायकलस्वारांना आवडतो, कारण वाटा कोरड्या असतात आणि चिखल नसतो. मेहनतीच्या चढावर उन्हात माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागतं. पाच तासांच्या वाटेला तीन लिटर ही कमीतकमी मर्यादा झाली. हे पाणी खालच्या मोठ्या गावातून, जिथे नळ आहे तिथून भरून घ्यायचं आणि वरच्या वस्तीच्या हंड्यावर हिशेब ठेवायचा नाही.

यावर मला दोन गोष्टी ऐकवल्या जातात. पहिली, “गावातली माणसं पाणी नाही म्हणत नाहीत, आपण नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं.” खरं आहे. दारी आलेल्याला पाणी देणं ही त्यांची रीत आहे आणि तिचा मान ठेवायलाच हवा. दिलेला पेला आनंदाने घ्यावा. पण पेला घेणं आणि तीन लिटरची पिशवी भरून मागणं यांत अंतर आहे. जी माणसं नाही म्हणत नाहीत, त्यांच्या बाबतीत कुठे थांबायचं हे मागणाऱ्यालाच ठरवावं लागतं. दुसरी गोष्ट, “इतकं सामान घेतलं तर मजा जाते.” माझा अनुभव उलट आहे. चार लिटर पाणी आणि हँगर बरोबर असलेला माणूस निवांत असतो. सावलीत थांबतो, पक्षी पाहतो, वाट चुकली तरी घाबरत नाही. ज्याचं पाणी संपत आलेलं असतं, त्याला डोंगर दिसतच नाही. त्याला फक्त पुढचं घर दिसतं.

काही मागण्या थेट करते. डोंगरात गटाने सायकली नेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी दहा मिनिटं प्रत्येकाची पिशवी उघडून पाहावी. तीन लिटर पाणी, स्वतःच्या सायकलचा हँगर, ट्यूब, पंप आणि प्रथमोपचार नसेल, तर त्या दिवशी त्याला नेऊ नये. वाईट वाटेल, पण पुढच्या वेळी तो विसरणार नाही. सायकल-दुकानांनी डोंगरी सायकल विकताना तिचा हँगर सोबतच द्यावा आणि ट्यूब बदलणं, साखळी जोडणं एवढं तासभर शिकवावं. स्पर्धा भरवणाऱ्यांनी वाटेतल्या गावांना आधी भेटून विचारावं की त्या महिन्यात पाण्याची स्थिती काय आहे. टंचाई असेल तर टँकर स्वतःचा आणावा किंवा तारीख बदलावी. आणि आपण सगळ्यांनी वरच्या गावात जेवण सांगावं, त्याचे रीतसर पैसे द्यावेत. पैसे देऊन घेतलेली भाकरी आणि फुकट घेतलेला पाव हंडा, यांचा हिशेब वेगळा असतो.

मुलांना घेऊन जाते तेव्हा मी त्यांना एकच अभ्यास देते. निघायच्या आदल्या रात्री सगळं सामान जमिनीवर मांडा. प्रत्येक वस्तू हातात घ्या आणि विचारा, ही मी नेली नाही तर ती कोण उचलेल? स्वेटरचं उत्तर येतं, कुणीच नाही. मग तो घरी ठेवा. पाण्याचं उत्तर येतं, वरच्या वस्तीतली एखादी मावशी. मग ते घ्या. हँगरचं उत्तर येतं, झोडणी सोडून येणारा एखादा दादा. मग तोही घ्या. असं करत गेलं की पिशवी आपोआप योग्य वजनाची होते. आजवर कुणाची फार जड झालेली नाही.

त्या वस्तीवर मी पुन्हा गेले, दोन वर्षांनी, तेही मे महिन्यात. मावशी त्याच पडवीत होत्या. मला ओळखलं की नाही, कळलं नाही. सायकल भिंतीला टेकवताना त्यांनी सीटला धरून ती जराशी उचलून पाहिली. “एवढं काय भरलंया हिच्यात?”

“पाणी हाय मावशी,” मी त्यांच्यासारखं बोलायचा प्रयत्न करत म्हटलं. “चार लिटर. खालनंच भरून आणलंय.”

त्या आत जायला उठल्या होत्या, बहुधा तांब्या आणायला. पुन्हा खाली बसल्या. सूप बाजूला सारलं आणि उंबऱ्याजवळ जागा केली.

“मग बस की घडीभर,” म्हणाल्या. “कुठनं आलीस?”